माझा गुडघा आणि बाबांचा करदोडा

गणपतीतल्या नाटकात मी दरवर्षी मरत असे, आणि इतका छान मरत असे की एरवी नुसता शिंकलो तरी घरात कोणी विश्वास ठेवत नसे. म्हणून एकोणीसशे नव्वदनंतरच्या एका हिवाळ्यात बांधावर उकिडवा बसलो असताना उजवा गुडघा अडकला, तेव्हा बाबा म्हणाले, "झालं याचं सुरू." थोड्या वेळानं आत कट्ट वाजलं, गुडघा सुटला आणि मी चालू लागलो. तिथंच माझी बाजू पडली.

आदिलाबादला एक्स-रे काढला. एकदम स्वच्छ.

"आता बोल, लेका," बाबा म्हणाले.

मलाच कळेना. अडकतो तर मग दिसत काऊन नाही? की इतक्या वर्षांच्या सवयीनं गुडघाही नाटकं शिकला?

डॉक्टरांनी नागपूरला एमआरआयसाठी धाडलं. बाबा सोबत आले, माझी चोरी पकडायला. तिथल्या ताई म्हणाल्या, अंगावरचा सगळा धातू काढा. घड्याळ काढलं. कमरेचा चांदीचा करदोडा उरला.

"तो निघत नाही," बाबा म्हणाले. आमच्याकडे माणूस गेल्यावरच कंबर उघडी करतात.

"मग मशीनमध्ये जाता येणार नाही, काका."

बाबांनी मला पडद्याआड नेलं. स्वतःच्या कमरेचा काळा दोरा सोडून माझ्या कमरेला बांधला, मगच माझी चांदी काढली.

"आन् तुमी, बाबा?"

"मी ही तुही चांदी घालतो. तू जाय."

आत कानाशी नगारे वाजत होते आणि मला हलायची बंदी. एवढी मोठी भूमिका आणि एकही संवाद नाही.

एकाच फिल्मवर वीस गुडघे निघाले. यातला माझा कोणता? डॉक्टर हसले, सगळे माझेच, एकाच गुडघ्याचे काप. सांध्यात ज्वारीसारखे दाणे होते. सांध्याच्या आतल्या अस्तरानंच ते तयार केले होते, हाडाचे नव्हे, कुर्चेचे, नाकाच्या शेंड्यासारखे लवचिक. म्हणून एक्स-रेत दिसले नाहीत. कॅन्सर नाही, दाणे काढले की झालं.

फिल्म मीच धरली होती. बाबा हात पुढे करेनात, नुसते बघत राहिले.

"म्हणजे खरंच अडकत होता," ते म्हणाले.

उतरताना जिन्यात गुडघा पुन्हा अडकला. मी आधारासाठी हात पुढे केला, पण बाबांचे दोन्ही हात धोतराच्या निऱ्यांपाशी. माझ्या करदोड्याची साखळी त्यांच्या पोटाला पुरलीच नव्हती. दोन टोकं ते केव्हापासून चिमटीत ओढून उभे होते.

"कोपर धर," ते म्हणाले. "हळू उतर. मी हाय."