वाघबारशीचा कोंबडा

पाड्यावर शूटिंगवाले आले तेव्हा सगळ्यांत आधी नाचलो तो मी. डोळखांबच्या वरच्या अंगाला बंद पडलेल्या शाळेत त्यांनी पोलीस चौकी उभी केली. निर्दोष माणसाला मारून मारून गुन्हा कबूल करायला लावतात, असा सिनेमा. मार खाणारा हडकुळा हवा म्हणून मला घेतलं, मारणारा हवालदार उंच हवा म्हणून माझ्या थोरल्या चुलतभावाला. दादा स्वतः सहा वर्षं बिनगुन्ह्याचा तुरुंगात राहून आलेला. शूटिंगवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं, तरी मी हो म्हणालो. माझी अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय.

दादाला आत घातलं त्याच्या आदल्या दिवशी वाघबारस झाली होती. रानात वाघोबाच्या दगडापुढे दादाने आपल्या कोयत्याने कोंबडा कापला, तिथेच रांधला. मी दोनदा रस्सा मागून घेतला. त्याच दिवशी पलीकडच्या रानात एका ठेकेदाराचा खून झाला. सकाळी पोलीस दादाच्या दारात. त्याच्या कमरेचा कोयता त्यांनी ओढून काढला, पात्यावर वाळलेलं रक्त. पंच म्हणून सही करायला कुणीतरी हवं होतं. मी डबा घेऊन कामाला निघालो होतो, मलाच धरलं. कागद न वाचता मी सही ठोकली. दादा माझ्याकडे बघत होता. कोंबड्याचं रक्त आहे साहेब, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पुढे कोर्टातही विचारलं तेवढंच बोललो, की सही माझीच आहे. शेवटी रक्ताच्या तपासणीचा कागद फायलीतून निघाला, रक्त माणसाचं नव्हतंच, तेव्हा कुठे तो सुटला. तोवर त्याची आई गेली होती आणि तो लंगडायला लागला होता.

सुटून आल्यावर त्याने मला एका शब्दाने काही विचारलं नाही. ते मला बरंच वाटायचं, लाज नाही मला.

शूटिंगला त्याच्या हातात फोमचा दांडा दिला आणि ‘कबूल कर’ एवढंच म्हणायला सांगितलं. दोनदा झालं, पण दिग्दर्शकाला पटेना. यात जीव नाही, खरं वाटू दे, म्हणाला. दादाने दांडा बाजूला ठेवला आणि कमरेचा पट्टा सोडला. केस धरून मला पालथं पाडलं, पाठीत गुडघा रोवला. पहिला फटका पायाच्या तळव्यावर बसला तेव्हा वाटलं, चुकून लागला. दुसऱ्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिसऱ्याला तोंड फरशीवर आपटून ओठ फुटला आणि मी चड्डीतच मुतलो. कुठे मारलं की कळ थेट मस्तकात जाते, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. शूटिंगवाले बघत होते, कॅमेरा चालूच होता.

‘कबूल कर’ तो म्हणालाच नाही.

“कोयत्याला रगत कोनाचं व्हतं?”

“कोंबड्याचं, दादा. वाघबारशीचं.”

“मंग सही का केलीस?”

पट्टा वर तसाच थांबला होता. सहा वर्षं कोठडीत पडून त्याने किती कारणं शोधली असतील. शेताच्या बांधाचं जुनं भांडण, पोलिसांची भीती, माझ्या मनातली जळफळ. त्यातलं एक जरी खरं असतं तरी मी सुटलो असतो. पण खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

“ड्युटीचा टाइम झालता. बस सुटली असती.”

त्याचा हात हळूहळू खाली आला. पट्टा फरशीवर पडला. दिग्दर्शक टाळ्या वाजवत आला, झकास झालं, बोलणं तेवढं कापून टाकू, म्हणाला. दादा माझ्या शेजारी उकिडवा बसला, टोपी काढली. मी म्हणालो, दादा, मार अजून. त्याने मान हलवली.

“बस गावली का मंग?”

गावली होती. खिडकीची जागाही मिळाली होती.