मार्चमधली भरलेली विहीर

मंडळी, आज लोहाऱ्याला धाकट्या बहिणीकडं गेलो होतो. बहात्तरच्या दुष्काळात मी शिष्यवृत्तीवर सहा महिने प्रागला शिकायला होतो. तिथून पाठवलेलं माझं पत्र तिनं ट्रंकेतून काढलं आणि हसत वाचलं, "इथं टबात गळ्यापर्यंत गरम पाणी असतं. दोनदा आंघोळ करतो."

मग म्हणाली, "दादा, हे आलं तवा आई खडी फोडायला जायची."

मी म्हणालो, "पण तुमच्या पत्रात तर विहीर भरलीय म्हणून होतं!"

"ते म्याच लिवलं. आई म्हनली, तसंच लिव, न्हायतर त्यो शिक्षण सोडून यील."

तिला वाटलं, मला हे आजच कळलं.

खरं सांगतो, मी शेतकऱ्याचं पोर. दुष्काळात, तेही मार्च महिन्यात, आमची विहीर भरणं शक्य नाही, हे मला पत्र वाचतानाच कळलं होतं. पण विचारलं असतं तर परत यावं लागलं असतं. मी पत्राची घडी घातली आणि आंघोळीला गेलो.

आई आता नाही. बहीण फेसबुकवर नाही, म्हणूनच इथं लिहायचं धाडस झालं. सांगा, तिला सांगू का?