सासरे आणि सासरा

मी वेब डिझायनर आहे. म्हणजे माझ्या सासरवाडीच्या भाषेत, मी घरी असतो.

"जावई काय करतात?" असं सांडोर या सासरच्या गावात कुणी विचारलं की सासूबाई आवाज उतरवून सांगतात, "कम्प्युटरवर असतात." मग समोरची बाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "होईल, सगळं नीट होईल." (बायकोचा एक लांबचा भाऊ दारू पितो. त्याच्याबद्दलही लोक हेच म्हणतात. फक्त त्याच्या बाबतीत म्हणताना त्यांना खरोखर आशा असते.)

या सगळ्या गोतावळ्यात माझ्यावर विश्वास असलेला माणूस एकच, माझे सासरे. त्यांची केळीची वाडी आहे. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानात बांधून ते सुकेळी करतात. काम असं वेळखाऊ की गावात बाकीच्यांनी केव्हाच सोडून दिलं. एके दिवशी ते मला म्हणाले, "जावईबापू, आपल्या सुकेळ्यांची ती वेबसाइट करा बरं. लोक म्हनतात, हल्ली तिच्याशिवाय माल खपत नाय."

"आठवड्यात होईल बाबा!" मी म्हणालो. वेब डिझायनरचा आठवडा किती दिवसांचा असतो हे त्या भल्या माणसाला माहीत नव्हतं.

वेबसाइटवर टाकायला म्हणून मी त्यांचा फोटो काढला. त्यासाठी त्यांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, मिशीला तेल लावलं आणि हातात सुकेळ्यांची जुडी घेऊन असे उभे राहिले की जणू पोलीस चौकीत मुद्देमालासकट फोटो चाललाय! "हसा ना बाबा," मी म्हणालो. ते म्हणाले, "हसतोच हाय."

फोटो घेऊन मी बोळिंजला आमच्या फ्लॅटवर आलो, संगणक उघडला आणि निष्ठेने कामाला लागलो. म्हणजे गेम खेळायला लागलो.

आम्हा मित्रांचा एक ऑनलाइन खेळ आहे. सहा जण मिळून एका राक्षसाशी लढायचं. गंमत अशी की राक्षसाचं चित्र आपलं आपण काढून त्यात घालता येतं. ग्रुपमध्ये मी एकटाच चित्रकार (डिजिटल पेन विकत घेतलेल्या माणसाला चित्रकारच म्हणतात), त्यामुळे राक्षस काढायची जबाबदारी माझ्यावर. मी खूप प्रयत्न केला, पण भुवया काही जमेनात. आणि समोरच स्क्रीनवर सासऱ्यांचा फोटो उघडा! भुवया आयत्या मिळाल्या. भुवयांमागून मिशी आली. मिशी आल्यावर बाकीचा चेहरा बाहेर ठेवणं बरं दिसेना. मग शिंगं, सुळे, चार हात, सवयीने प्रत्येक हातात केळीचा घड आणि मागे राखायला केळीची वाडी!

ग्रुपने चित्र डोक्यावर घेतलं. "नाव काय याचं?" पक्याने विचारलं. मी म्हणालो, "सासरा."

आता संगणकात दोन फायली झाल्या. एकीचं नाव 'सासरे', दुसरीचं 'सासरा'. फरक फक्त आदरार्थी बहुवचनाचा! आणि आदर ही गोष्ट घाईत नेमकी हातून सुटते.

आठवडा संपेपर्यंत दोन महिने गेले. शेवटी एका संध्याकाळी बायको, म्हणजे सुप्रिया, दारात उभी राहून म्हणाली, "बाबांनी रविवारी उद्घाटन ठेवलंय. सगळी भावकी बोलावलीय. नारळ आणलाय."

"वेबसाइटला नारळ?"

"अजून झाली नसेल तर तुझ्या डोक्यात फोडतील."

मी झपाट्याने कामाला लागलो. दोन महिन्यांचं काम मी दीड दिवसात केलं आणि स्वतःवरच खूश झालो. (तपासून बघायचं राहिलं, पण एवढ्या वेगात तपासणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवण्यासारखंच!)

रविवारी सकाळी सांडोरला घर माणसांनी भरलं होतं. मी लॅपटॉप वायरीने टीव्हीला जोडला. टीव्हीला सासऱ्यांनी भजनासाठी घेतलेले स्पीकर आधीच जोडलेले होते, दोन खुर्च्या अडवतील एवढे मोठे. सासरे पुन्हा तोच पांढरा सदरा घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून टीव्हीसमोर उभे राहिले. आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "जावयाने केली. एकट्याने केली." सासूबाई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. सुप्रियासुद्धा हसली! मला अगदी भरून आलं.

नारळ फुटला. सासऱ्यांनी बटण दाबलं. टीव्हीवर आधी 'अस्सल वसईची सुकेळी' अशी अक्षरं आली. टाळ्या! मग 'आमचे संस्थापक' असं आलं. आणखी टाळ्या!

आणि खाली चार हातांचा, शिंगं आणि सुळे असलेला, डोळ्यांतून आग ओकणारा संस्थापक उभा राहिला.

टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या.

"यो कोन?" सासऱ्यांनी विचारलं.

खरं सांगायची ती उत्तम वेळ होती. मी म्हणालो, "रक्षक! वाडीचा रक्षक आहे, बाबा. म्हणजे... पिकाची राखण करतो. हल्ली वेबसाइटवर असा एक ठेवायची पद्धत आहे."

"सुळे?"

"वटवाघळांसाठी."

आश्चर्य म्हणजे हे खपलं! केळ्यांना वटवाघळांचा त्रास असतोच. भावकीने माना डोलावल्या. सुप्रियाची आत्या तर हात जोडून पुढे झाली आणि तिने टीव्हीला हळदकुंकू लावलं. (ते नेमकं शिंगाला लागलं.) "चेहरा ओलखीचा वाटतो रे," ती पुटपुटली. "आपल्या कुलातलाच कोनीतरी असंल."

मी सुटलो होतो! खरोखर सुटलो होतो. तेवढ्यात भजनाच्या स्पीकरमधून पक्याचा आवाज घुमला.

"नील्या, कुठे मेलास? सगळे जमलेत! आज काही झालं तरी सासरा मारायचाच!"

माझ्या लक्षात आलं, रविवारी सकाळी ग्रुपचा कॉल आपोआप सुरू होतो, तो बंद करायचा राहिला होता. पाठोपाठ दुसरा आवाज आला, "गेल्या खेपेला अर्धमेला करून सोडला, ते चुकलंच." आणि पुन्हा पक्या, "मी खास सासऱ्यासाठी नवी कुऱ्हाड घेतलीय. तू पुढून गोड बोल, आम्ही मागून येतो!"

मी झेप घेऊन वायर उपसली. ती पंख्याची निघाली. पंखा थांबला आणि त्याची घरघर गेल्यामुळे पक्या आता जास्तच स्वच्छ ऐकू यायला लागला.

"सासरा एकदा पडला ना, की वाडी आपली!"

आत्याने सासऱ्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. "दादा, तू आधी पोलिसात चल. मी लग्नाच्या वेलीच म्हनत होते, मानूस दिवसभर घरात बसून करतो काय!"

"अहो आत्या, गेम आहे तो! खेळ!"

"खेल? सहा जनांनी म्हाताऱ्याला मारायचं, यो खेल?"

सासूबाई पदराने डोळे पुसायला लागल्या. मी सुप्रियाकडे आशेने पाहिलं. तिने टीव्हीकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. तिला भुवया ओळखू आल्या.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "तो रक्षक वगैरे कुणी नाही. ते तुम्ही आहात."

बिचारे सासरे! तेलाने चमकणारी मिशी टीव्हीतल्या मिशीजवळ नेऊन ते कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांची मान हळूच खाली गेली, सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी काढलं, आणि मला पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली. सगळ्या गावाला ज्याच्याबद्दल कौतुकाने सांगितलं, तो जावई हा असा!

"हिच्यात बोलायचं कुठे?" त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. मी मुकाट्याने बंद असलेला माइक चालू करून जागा दाखवली. ते वाकले.

"हॅलो. मी सासरा बोलतोय."

पलीकडे अशी शांतता पसरली की पाच माणसं एकदम वारली असावीत.

"न... नमस्कार काका," पक्या म्हणाला.

"कुऱ्हाड तुझी का?"

"हो काका. पण खरी नाही, गेममधली आहे."

"कामधंदा काय करतोस?"

"वालीवला खोके छापतो, काका. पुठ्ठ्याचे. मिठाईचे वगैरे."

"हं. मना मारायला किती जनं लागतात?"

"सहा, काका."

"आनि मरतो मी?"

"नाही ना काका! तीच तर बोंब आहे. केळीचा घड असा फिरवता की आम्ही सहाच्या सहा आडवे!"

सासरे सावकाश उभे राहिले. काढलेलं बटण त्यांनी पुन्हा लावलं आणि भावकीकडे वळून एवढंच म्हणाले, "ऐकलं?"

मग त्यांनी आम्हाला तिथल्या तिथे खेळायला लावलं. सगळी भावकी टीव्हीसमोर बसली आणि टीव्हीतल्या सासऱ्यांनी मला घडाने बडवलं की शिट्ट्या मारायला लागली! सासूबाईंचे डोळे कोरडे झाले. "अजून एक ठेवून द्या!" आत्या ओरडली. जावयाला सासरवाडीत इतक्या उत्साहाने मार खाताना पाहायचं भाग्य सगळ्यांनाच मिळत नाही.

जेवणानंतर मी म्हणालो, "बाबा, चित्र लगेच बदलतो. तुमचा खरा फोटो टाकतो."

"कशाला? फोटोत मी भ्यायल्यासारखा दिसतो. यात बरा दिसतो. यालाच ठेवा. त्या कुऱ्हाडवाल्याकडून खोक्यांवर पन छापून घ्या. फक्त एक करा. देवाच्या चित्रात पायाखाली एक राक्षस असतो ना चिरडलेला? तसा कोनीतरी पाहिजे. पाय मोकले दिसतात."

"कुणाला काढू?"

सगळ्या घराने माझ्याकडे पाहिलं.

चित्र मीच काढलं. चष्मा, वाढलेली दाढी, हातात लॅपटॉप, तोंड वासलेलं. "डोल्यांत अजून लाचारी पाहिजे," असं म्हणून सासऱ्यांनी ते पुन्हा पुन्हा बदलून घेतलं. पक्याने खोके छापले आणि काकांचं काम म्हणून जीव ओतून छापले.

परवा आमच्या बोळिंजच्या बिल्डिंगमधल्या देसाईकाकू लिफ्टमध्ये भेटल्या. हातात सुकेळ्यांचा खोका. त्यांनी एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वरचे कोण ते नाही हो ओळखू आले," त्या म्हणाल्या, "पण खालचे तुम्ही अगदी हुबेहूब!"

माझ्या चित्रकलेला आजवर मिळालेली ही पहिलीच दाद. मी वाकून "थँक्यू" म्हणालो.