हार घातलेली काचनळी

फळ्यावर मी कॅथोड किरण इतक्या वेळा काढला की खडू आपोआप वळायचा. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत ऋण टोकाकडून किरण निघतो, चुंबक जवळ आणलं की वाकतो. म्हणजे तो प्रकाश नाही, ऋणभाराचे कण आहेत, अणूहूनही लहान. इलेक्ट्रॉन असा सापडला. तुमसर तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जन्मभर हे शिकवलं, पण तो किरण कधी पाहिला नव्हता. मला शिकवणाऱ्यांनीही फळ्यावरच भागवलं होतं. निवृत्ती जवळ आली तेव्हा मी हट्ट धरला, एकदा तरी स्वतः पाहीन आणि मुलींना दाखवीन.

नळी नव्हती असं नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद होती. महागाची म्हणून प्राचार्य कुणाला हात लावू देत नसत. ती बाहेर निघायची फक्त खंडेनवमीला. घरोघरी विळे-नांगर पूजतात तशी आम्ही उपकरणं पूजायचो, आणि मधोमध मानाची जागा नळीला. हळद-कुंकू, वर झेंडूचा हार. नळीच्या अंगावर काचेचं एक बारीक टोक असतं. आतली हवा काढून घेतली की तिथेच काच वितळवून तोंड बंद करतात. हाराला ते खुंटीसारखं सोयीचं. प्राचार्य स्वतः हार अडकवत आणि दोरा ओढून घट्ट करत. सर, तिथे नको, काच तडकेल, असं मी म्हटलं की देवाच्या कामात शास्त्र आणू नका म्हणत. दरवर्षी मी सांगायची आणि दरवर्षी माझ्या हातावर पेढा ठेवला जायचा.

प्रयोगाची परवानगी मागितली तर म्हणाले, मोबाइलवर दाखवा की. मोबाइलवर भूतही दिसतं, मी म्हटलं. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून त्यांनी किल्ली दिली.

धानाची कामं आटोपली होती, त्यामुळे वर्ग भरलेला होता. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला, नळीला जबर दाबाची वीज देणारी कॉइल जोडली, बटण दाबलं. कॉइल टरटरली, ठिणगी बाहेरच्या बाहेर उडत राहिली, नळी काळी ती काळीच. सतरंजी बाजूला सारून मी नळी उजेडात धरली. त्या टोकाच्या बुडाशी केसाएवढी भेग होती आणि भेगेत पिवळी रेघ. हळद बसली होती. हवा आत केव्हाच शिरली होती, आणि आम्ही किती दसरे मेलेल्या नळीची पूजा करत होतो देव जाणे. मला संताप आला.

प्राचार्य दारात येऊन उभे होते. भेग दाखवली तर म्हणाले, "पुसून ठेवून द्या मॅडम. दिसाले तं साबूतच हाये."

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. ऐकलं ते कधी मुकाट्याने न घेणारी ती एकटीच होती, म्हणून माझी लाडकी.

"मॅडम, तुमी पायला होता का कधी हा किरण?"

नाही, मी म्हटलं.

"मंग तुमाले कसं मालूम का तो वाकतेच?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. प्राचार्यही.

"पुस्तकात लिहिलंय," मी म्हटलं.

तिने मान डोलावली आणि खाली बसली.