टीव्हीतल्या डॉक्टरसमोर

माझ्या लेकीला मिरगीचे झटके येत. नागपूरच्या दवाखान्यात तिच्या छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं होतं. ते मानेतल्या नसेला थोडा थोडा करंट देई, आणि तो किती ठेवायचा ते डॉक्टर ठरवत. पुढे आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातच ते डॉक्टर टीव्हीवर दिसू-बोलू लागले. मी म्हटलं, चला बाप्पा, नागपूरची खेप वाचली!

पण नागपुरात आम्हाला ओळखतं कोण? तिथं सगळं खरं सांगता येई. इथं नर्सबाई आमच्याच गावची सून, आणि नंबराची वाट पाहत दारात उभा राहून ऐकणारा माणूस सौंदडचा. सौंदडहूनच पोरीला पाहायला पाहुणे येणार होते.

डॉक्टरांनी विचारलं, "झटके किती येतात?"

"आता नाही येत जी, एकदम बरी आहे," तिचे बाबा म्हणाले. आदल्याच दिवशी ती चुलीपाशी पडली होती, हात भाजला होता. पोरीनं बाही खाली ओढली.

"छान. मग करंट आहे तेवढाच राहू द्या."

मी तिची बाही वर सारली. "खोटं बोलून राहिले हे, साहेब! हा हात पाहा."

डॉक्टर टीव्हीतून सांगत गेले, इथल्या दवाखान्यातल्या माणसानं तिच्या छातीवर मशीन धरून करंट वाढवला. झटके खरंच कमी झाले. पाहुणे मात्र आलेच नाहीत.

"तुह्या तोंडानं लगन मोडलं," असं तिचे बाबा अजून म्हणतात. पोरीलाही तेच वाटतं. बापाशी बोलते, माझ्याशी नाही.