वर्ना स्टॅम्परने थांबवलेली लाइन

वर्ना स्टॅम्परला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मशीनखाली आडवी झाली होती आणि बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते. अ‍ॅक्रन शहरातल्या आमच्या छोट्या कारखान्यात बॅटरीच्या आतला पडदा बनतो. प्लास्टिकचा, केसाहून पातळ. बॅटरीतल्या दोन पट्ट्यांना तो एकमेकींपासून दूर ठेवतो. उष्णतेनं तो आक्रसला की पट्ट्या भिडतात आणि बॅटरी पेट घेते. माझं काम तपासणीचं. वर्ना पडद्यावर लेप चढवणारी लाइन चालवायची.

तिचे वडील वेस्ट व्हर्जिनियाहून इथे टायर बनवायला आले होते. टायरचे कारखाने बंद पडत गेले आणि त्यांच्यामागोमाग वर्नाच्याही तीन नोकऱ्या गेल्या. ही चौथी. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पाचवी कोण देणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

त्या वर्षी आमच्या रसायनतज्ज्ञानं, अँसेल पिंकनीनं, नवं पॉलिमर तयार केलं होतं. त्याचा लेप दिला की पडदा दीडशे अंशांनाही आक्रसत नसे. मिशिगनमधल्या एका बॅटरी कंपनीनं या पडद्याचे चार रोल नेले होते. पाचवा गुरुवारी दोन वाजता जायचा होता.

गुरुवारी साडेअकराला लाइनचा आवाज अचानक थांबला. मी धावत गेले. वर्ना रोलपाशी उभी होती आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठ्यावर पांढरी भुकटी होती.

मॅनेजर मर्ल कोवाच आलाच. "वर्ना, लाइन का बंद आहे?"

"डाव्या कडेचा लेप सुटतोय."

"दोन वाजता ट्रक येतोय, माहितीये ना?"

"ट्रकला घड्याळ आहे, मर्ल. मलाही आहे."

अँसेल मागून आला. वयानं तिच्या मुलाएवढा, तिला नेहमी आदरानं मिस वर्ना म्हणायचा. "मिस वर्ना, या रोलच्या चाचणीचे आकडे मी सकाळीच पाहिलेत. एकदम छान आहेत."

"तुकडा कुठून कापला होता?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मधून," मी म्हटलं. "नेहमी मधूनच कापतो."

"मग आता कडेचा काप."

मी दोन तुकडे कापले, एक मधला, एक डाव्या कडेचा, आणि दीडशे अंशांच्या भट्टीत ठेवले. चाचणी तासाची. आम्ही चौघं काचेला नाक लावून उभे. मर्ल दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. विसाव्या मिनिटापर्यंत काहीच झालं नाही.

"बघ," मर्ल म्हणाला, "उगाच जीव खाल्लास सगळ्यांचा."

सव्विसाव्या मिनिटाला कडेच्या तुकड्याचा एक कोपरा उचलला गेला. मग दुसरा. बघता बघता तो तुकडा तव्यावर आक्रसणाऱ्या बेकनसारखा गोळा झाला. मधला तसाच सपाट पडून होता.

अँसेलचा चेहरा उतरला. "आधीचे चार रोल," तो म्हणाला. "त्यांच्या बॅटऱ्या मिशिगनवाले आजपासून चार्ज करणार होते."

मर्लनं मिशिगनला फोन लावला. घंटा वाजत राहिली. जेवणाची वेळ होती. दुसरा नंबर, तिसरा. शेवटी चाचणी-खोलीतल्या एका बाईनं उचलला. मर्लनं फोन स्पीकरवर टाकला.

"आमच्या पडद्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात का?"

"बारा लावल्यात. का?"

"बंद करा! आत्ता, लगेच!"

तिनं रिसीव्हर टेबलावर टाकला. पावलं धावल्याचा आवाज आला, मग एक जड दार उघडल्याचा. मग काहीच नाही. वर्नानं माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुततायत हे तिला कळत नव्हतं, आणि मीही हात सोडवला नाही. पलीकडे कुणीतरी ओरडलं. भोंगा सुरू झाला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. भोंगा थांबला.

"झाल्या बंद," ती बाई धापा टाकत म्हणाली. "एक फुगली होती, हात लावता येत नव्हता इतकी तापलेली. वाळूत पुरलीय. आम्ही सगळे ठीक आहोत."

मर्लनं फोन ठेवला. तेवढ्यात वर्ना म्हणाली, "हे माझ्यामुळे झालं."

"काय?"

"तीन आठवड्यांपूर्वी मधला लेप ओला राहत होता, म्हणून मी डावीकडची वाळवणीची हवा मध्याकडे वळवली. ती कड कच्ची राहील हे डोक्यातच आलं नाही. लाइनच्या वहीत लिहिलंही नाही."

"अगं, गप्प बस ना," मी कुजबुजले. कुणालाच कळलं नसतं.

"कडेचा तुकडा मी कधीच मागितला नाही," अँसेल म्हणाला. "चूक माझीही आहे."

"तुझी तू सांग," वर्ना म्हणाली. "माझी मी सांगितली."

मर्लनं तिला लाइनवरून काढलं. हातात लेखी ताकीद दिली आणि रोल कापायच्या टेबलावर बसवलं. मिशिगनवाल्यांनी काम चार महिने थांबवलं. त्या काळात कॅन्टीनमध्ये काही जण तिच्या टेबलावर बसत नसत. ती डब्यातलं सँडविच खायची, कॉफी प्यायची, कामाला लागायची. एकदा मी विचारलं, "पस्तावतेस का?"

"हवा वळवल्याचा पस्तावा होतो," ती म्हणाली. "रोज."

अँसेलनं पॉलिमर बदललं, दोन्ही कडांना घट्ट धरेल असं. पण नव्या माणसाच्या हातून लेप सारखा बसेना. महिनाभर रोल फुकट गेले. मग एका सोमवारी सकाळी मर्ल कापायच्या टेबलापाशी आला.

"लाइनवर येतेस का?"

"एका अटीवर," वर्ना म्हणाली. "तुकडे तीन जागांहून कापायचे आणि भिंतीवर आकडे लावायचे. माझे चुकलेले पण."

मर्लनं मान डोलावली. तिनं हातमोजे काढले, लाइनसाठी नवी वही मागितली आणि पहिल्या पानावर तारीख घालून वाळवणीच्या हवेची दिशा लिहिली.