उखाजीला आवाज देणारे डॉक्टर

गौरव समितीचे चिटणीस बाबूलालशेठ यांस नाना सोनाराचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? डाळमिलची पायरी चढताना अजून भिंत धरावी लागते का? वहिनींचा दमा थंडीने वर आला असेल. सुंठीचा काढा चुकवू नका. दवाखान्यातल्या शांताबाईंची कंबर धरली होती, ती सुटली का? आणि विचारलं शेवटी तरी मनात पहिले तेच, आमचे डॉक्टरसाहेब कसे आहेत? साठी आली म्हणून वेळेवर जेवतात, की अजूनही शेवटचा पेशंट उठला की मगच भाकरी?

डॉक्टरसाहेबांच्या गौरवग्रंथासाठी लेख द्या, असं तुम्ही कळवलंत. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं जे काही आलं ते शेगडीपुढे बसून. लेख मला जमत नाही, पत्र जमतं. तेच छापा.

स्वराज्य आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आपले डॉक्टरसाहेब, दातांचे डॉक्टर रघुनाथराव, माझ्या जळगावच्या दुकानात आले. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, मोडीला जुना दागिना आणला असेल. रुमाल सोडला तर आत माणसाच्या तोंडातल्या टाळूचा प्लॅस्टरचा ठसा!

"नाना, पोकळ मणी कसा करता?" त्यांनी विचारलं.

"सोनं किती घालायचं?"

"गुंजभरही नाही. मणी माणसाच्या तोंडात बसवायचाय."

मी म्हटलं, "डॉक्टर, ऊन फार आहे. आधी पाणी घ्या."

ते हसले, पेलाभर पाणी प्याले आणि ठाण मांडून समजावू लागले. कर्करोगाने वरचा जबडा किडला की मुंबईला शस्त्रक्रिया करून तो काढतात. जीव वाचतो, पण तोंड आणि नाक यांच्यामध्ये भगदाड राहतं. खाल्लेलं नाकात जातं, बोललेलं कुणाला कळत नाही. ते भगदाड कवळीला जोडलेल्या गोळ्याने बुजवायचं. पण भरीव गोळा जड होतो आणि कवळी खाली गळते. मी सांगितलं, मणी दोन वाट्यांचा करतात आणि मग वाट्या सांधतात. त्या दिवसापासून सोन्याच्या मण्यांबरोबर मी गुलाबी प्लॅस्टिकचे गोळे करू लागलो. भाऊबंद म्हणाले, "नाना, सोनाराचा कवळीवाला झालास!" डॉक्टरसाहेब मात्र नव्या पेशंटला आधी माझ्यापुढे उभं करत आणि म्हणत, "मी फक्त तोंड पाहतो. हात यांचे."

त्यांची जिद्द सांगायची तर उखाजीची हकिकत सांगितली पाहिजे.

उखाजी धुळ्याच्या वाटेवरच्या एका गावचा कोतवाल. गावात दवंडी द्यायची, हे त्याचं काम. आवाज असा की शेवटच्या मळ्यातला बैल मान वर करी. मुंबईहून जबडा काढून परत आला तेव्हा डफ तेवढा वाजे, शब्द सगळे नाकातून निघून जात. पोरं मागे मागे नक्कल करत. गावचे आबा पाटील त्याला म्हणाले, "उखा, होळीपर्यंत वाट पाहतो. नाहीतर मामलेदाराला लिहून दुसरा कोतवाल मागवतो." बापापासून चालत आलेलं काम. ते गेलं की घरात दुसरं काही नाही.

आम्ही कवळी केली. दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी त्याला खुर्चीवर बसवून पेलाभर पाणी पाजलं. एक थेंब नाकात आला नाही. शब्दही स्वच्छ. आम्ही खूश! आठ दिवसांनी उखाजी परत हजर.

"सायेब, गावमा पानी नाकमाईन येस."

पुन्हा पेला दिला. काही नाही.

"आठे येत नही. गावमा येस. मी काय खोटं बोलस का?" पाणी नाकातून येतं, पण इथे नाही, गावात, असं त्याचं म्हणणं.

पाणी आत शिरलं की गोळा सुटे, आणि गोळा सुटला की दवंडी गेंगाणी होई. तीन वेळा गोळा बदलला. तीन वेळा तेच. होळी जवळ आली. मी वैतागून म्हणालो, "डॉक्टर, हा माणूस कवळी नीट लावत नाही." डॉक्टरसाहेब म्हणाले, "नाना, पेशंट खोटा असं म्हणायला सगळ्यात शेवटी शिकायचं."

चौथ्या खेपेस उखाजी माझ्या कारखान्याच्या मागच्या दाराशी बसला होता. त्याने पाणी मागितलं. मी तांब्या उचलला आणि हातभर उंचावरून त्याच्या ओंजळीत धार धरली. तो गावकुसाबाहेरचा, त्याला पाणी असंच द्यायचं, हे माझ्या हाताने माझ्या बापाच्या हाताकडून उचललेलं. उखाजी खाली वाकला, ओंजळीला तोंड लावलं आणि पाणी नाकातून भळकन बाहेर आलं.

डॉक्टरसाहेब दारात उभे होते.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "सापडलं. आपण याला पेला देऊन तपासलं. गाव याला ओंजळीनं पाजतं." मग माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहून म्हणाले, "आणि आपणही."

खोट कवळीत होतीच. ताठ मानेला बसणारा गोळा वाकल्या मानेला बसत नव्हता. पण त्याच्याआधीची खोट माझ्या हातात होती. तांब्या खाली ठेवताना मला वर पाहवलं नाही.

त्या दिवशी गोळ्यावर मऊ मेण चढवून डॉक्टरसाहेबांनी उखाजीला वाकायला लावलं, मान वळवायला लावली, पाणी पाजलं, दवंडी द्यायला लावली. ओंजळीत पाणी देण्यासाठी ते स्वतः तांब्या घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज हे औषध म्हणून. उद्या नाही." मेणाने जो आकार घेतला, त्याचा गोळा मी रातोरात नव्हे, चांगले चार दिवस घालून केला. कवळी देताना सोबत कारखान्यातला पितळी पेलाही दिला. उखाजीने तो उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, "नाना, यानाबी गोया शे का?" यालाही गोळा आहे का? मी हसलो.

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे त्या गावी गेलो. आबा पाटलांनी ओट्यावर डॉक्टरसाहेबांपुढे पाण्याचा पेला ठेवला. डॉक्टरसाहेबांनी तो उचलून उखाजीला दिला. "आबा, पेशंट प्यायल्याशिवाय मला घोट उतरत नाही. तपासणी आहे."

पाटील खाकरले. "तपासणी रोज असते का डॉक्टर?"

"कवळी तोंडात आहे तोवर रोज."

उखाजी प्याला. नाक कोरडं. मग डफ घेऊन वेशीकडे गेला आणि हाक आली, "ऐका हो ऐका! सकाय चावडीवर बठ्ठास्नी येवानं शे!" सकाळी सगळ्यांनी चावडीवर यायचं, शब्द न् शब्द स्वच्छ. पोरं नक्कल करायला धावली आणि तशीच थांबली. आबा पाटील म्हणाले, "मामलेदाराला लिहायचं राहू द्या." त्यांच्या ओट्याच्या कोनाड्यात पुढे एक पेला उखाजीसाठी राहिला. गाव एका दिवसात बदललं असं मी म्हणणार नाही. एक पेला राहिला, एवढं खरं.

अशी माणसं डॉक्टरसाहेबांनी किती बोलती केली, त्याचा हिशोब त्यांनी ठेवला नाही, मी तरी कशाला ठेवू? माझ्यापेक्षा ते सात वर्षांनी लहान, म्हणून थोरल्याच्या हक्काने मागतो: डॉक्टरसाहेबांची दृष्टी आणि बोटं अशीच शाबूत राहोत, जेवण वेळेवर मिळो, आणि त्यांच्या पंच्याहत्तरीलाही मला असंच पत्र लिहायला लागो.

आता एक काम. समारंभाच्या पत्रिका तुम्ही छापल्यात. पण उखाजी मला सांगून गेला आहे की डॉक्टरसाहेबांच्या साठीची दवंडी जळगावात तोच देणार. सकाळच्या पहिल्या मोटारीने निघेल. समितीची संमती लगोलग कळवा, म्हणजे त्याला निरोप धाडतो. आणि शेठ, जेवणाच्या पंगतीत त्याचं पान माझ्या शेजारी मांडा. पेला मी घरून आणीन. पाणी मीच वाढणार आहे.

उत्तराची वाट पाहतो.